पाणी बदलणं

गुरुवारी सोडणार, असं पत्र आलं
म्हणून बुधवारी रात्री ओकबुन आत्याने
सोयाबीन भिजत घातलं,
सात वाट्या, वर एक मूठ.
"तुरुंगातली भूक मापात येत नाही."

पहाटे तीनला जातं. मग कढई. मग फडकं,
दोघींनी दोन टोकांना धरून पिळलेलं.
चोथा आमच्या जेवणाला,
खाली घमेल्यात पांढरं.
ह्यात गाय कुठेच नाही,
तरी जीभ त्याला दूधच म्हणते.

विरजण म्हणून समुद्र.
सामचोकच्या खडकांपलीकडून आणलेली बादली,
गाळलेली, रात्रभर निवलेली.
पळीपळीने ओतायचा.
घाई केली की दगड होतो, आत्या सांगायची,
आणि मग चार पळ्या ती स्वतःच घाईने ओतायची.
दूध फुटलं, ढगाळलं.
मी म्हटलं, नासलं.
ती म्हणाली, जमलं.

लाकडी साचा, झाकण, झाकणावर धोंडा.
धोंडा काढला तेव्हा
टोफूची वीट उभी होती, थरथरत,
जणू तिलाच कुणी भेटायला येणार होतं.

सातला फोन आला.
कागदावर एक शिक्का राहिलाय.
पुढच्या आठवड्यात बघू.

आत्याने कोट परत खिळ्याला अडकवला.
वीट दोन भागांत कापली.
एक भाग मातीच्या भांड्यात, वर गार पाणी,
पूर्ण बुडेल इतकं;
कोपरा उघडा राहिला तर तिथे कातडी धरते.
झाकण. उत्तरेच्या भिंतीपाशी, चुलीपासून लांब.
"रोज सकाळी पाणी बदलायचं. आधी हात धू."
मी अकरा वर्षांची होते,
रोज सकाळी हात धुवायचे.
शुक्रवार. शनिवार. रविवारी
पाणी किंचित गढूळ.
सोमवारी बोटाला बुळबुळीत लागलं
आणि आंबूस वास आला, बंद खोलीचा.
मी रडले.
आत्याने तो भाग उकिरड्यावर टाकला, भांडं राखेने घासलं.
"बिघडलेल्यावर माया करू नये, पोट बिघडतं."

दुसरा भाग तिने त्याच गुरुवारी फडक्यात बांधून
छपरावरच्या बर्फात पुरला होता.
मला सांगितलंही नव्हतं.
मंगळवारी काढला:
पिवळा, जुन्या दातासारखा,
टिचकी मारली तर टक्क वाजणारा.

लोक म्हणतात, सुटून आलेल्याने दारातच टोफू खावा.
टोफूचं पुन्हा सोयाबीन होत नाही,
तसं माणसानेही परत आत जाऊ नये.
बाबांनी सिमेंटच्या कारखान्याच्या फाटकावर
एक फलक धरला होता, दोन्ही हातांनी.
मी विचारलं, मग त्यांनी कशाला खायचा?
आत्या म्हणाली, "न्याहारी झाली नसेल त्याची."

शिक्का शुक्रवारी मिळाला.
डोंगरापलीकडे तीन तासांची बस.
तो पिवळा तुकडा आत्याच्या मांडीवर, फडक्यात,
घाटाघाटाने वितळत गेला,
तिचा घागरा भिजला, शेजारची बाई सरकून बसली.
उतरल्यावर तिने तो दोन तळव्यांत दाबून पिळला.
पुन्हा जवळजवळ पांढरा.

बाबा फाटकातून आले.
कान मोठे वाटत होते.
त्यांनी एक घास घेतला, थांबले, तुकड्याकडे बघितलं.
"भोकं पडलीत ह्याला."
"वाट बघत होतं," आत्या म्हणाली. "खा."
खाल्लं त्यांनी. सगळं. फडकं झटकून घडी घालून दिलं.

घरी कुणी काही विचारलं नाही.
आत्याने शनिवारी नवीन टोफू केला, विकायचा.
रविवारी मी उठले तेव्हा
बाबा उत्तरेच्या भिंतीपाशी उकिडवे बसले होते,
बाह्या वर,
एका हाताने वीट अडवून
जुनं पाणी हळूहळू ओतून देत.

मी विचारलं, हात धुतले?
त्यांनी ते उलटसुलट करून दाखवले.